ऐतिहासिक घराची पाटी

मिसिसिपीकाठच्या आमच्या अर्ध्या रिकाम्या शहरात, जुन्या इमारतींच्या कचेरीत रांगेला उभा होतो. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या. एकीच्या हातात पितळी पाटी.

"ओडेसा, मिळाली का गं शेवटी?"

"मिळाली. परत करायला आलेय, व्हेल्मा."

"अगं, सहा वर्षं खेटे घातलेस ना?"

"पाटी आली मंगळवारी. घर मार्चमध्येच गेलं."

"पाडलं?"

"चोरांनी आग लावली. बंबवाल्यांनी पाणी मारमारून भिंती खिळखिळ्या केल्या. मग चोरांनी विटा आरामात ट्रकात भरल्या."

"जुन्या विटा कोण घेतं?"

"तुमच्यासारखे, गावाबाहेर नवी घरं बांधणारे."

"आमच्या दिवाणखान्यात आहे खरी तसली भिंत. गेल्या महिन्यातच झाली. एका विटेवर कुणीतरी 'रूफस' कोरलंय. जावई तीच वीट सगळ्यांना दाखवतो."

"शेवटचं अक्षर उलटं आहे?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

"त्या अक्षरापाशी असताना आईनं माझ्या भावाला पकडलं होतं."

रांग पुढे सरकली. दोघी सरकल्या नाहीत. ओडेसानं पाटीच्या कोपऱ्यांतल्या स्क्रूच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"व्हेल्मा."

"हं."

"जावयाकडे ड्रिल आहे का गं?"