अफरीनच्या बरण्या आणि युनूसभाईची पूड

...बरं, विमलबाईला काय झालं होतं हो 'नाही' म्हणायला? पोशीरची विमलबाई म्हणजे, तुम्हाला सांगतो, जिनं सख्ख्या भाच्याच्या लग्नात भर मांडवात आचाऱ्याला बोलावून 'डाळीत मीठ घातलंस का मिठात डाळ' असं विचारलं, जिला देवळाचा नवा रंग आवडला नाही आणि तसं ती पुजाऱ्याच्या तोंडावर सांगून आली, जिच्या धाकानं कोळीणसुद्धा पाटी उघडताना आधी दोन शिळे बोंबील स्वतःहून बाजूला काढते... त्या बाईनं, ज्या एका दिवशी तिच्या फटकळ जिभेची एका भल्या माणसाला गरज होती, नेमकं त्या दिवशी काय म्हणावं? 'छान हाय गं.' संपलं. एका माणसाची गादी जायची वेळ आली, आणि ही म्हणते छान हाय!

भला माणूस कोण, ते आधी सांगायला हवं. युनूसभाई. नेरळच्या बाजारात चहापुडीचं दुकान आहे त्याचं, बापाच्या वेळचं. रोज सकाळी दुकान उघडलं की हा बाह्या दुमडतो, मोठ्या परातीत तीन जातींची पूड ओततो, एक रंगाला, एक कडकपणाला, एक वासाला, आणि हातानं कालवत बसतो. माप नाही, वजन नाही. मूठभर उचलायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि मग 'हं' म्हणायचं. तो 'हं' झाला की पुडे बांधायला सुरुवात. कळंबपासून भिवपुरीपर्यंत ज्या ज्या घरी तुम्ही जाल आणि तुम्हाला चहा मिळेल, तो युनूसभाईच्या 'हं'चा असतो. तो कधी बोलून दाखवत नाही, पण दुकानाच्या पुढच्या फळीवर, त्या परातीमागं बसलेला असतो ना, तेव्हा मामलेदाराला जमणार नाही असा बसतो.

तर या युनूसभाईची मुलगी अफरीन. पुण्याला एका चहाच्याच कंपनीत होती. हुशार पोरगी, कामाला वाघ, बापावर जीव. ती नोकरी सोडून परत आली आणि म्हणाली, "अब्बा, आता दुकान मी बघते तुमच्याबरोबर." युनूसभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सुकायच्या आत खालापूरच्या कुठल्याशा गोदामातून टेंपो आला, आणि त्यातून निघाल्या काचेच्या बरण्या. बरण्यांत काय, तर चहा! एक चहा हिरवा, एक पांढरा, एकात गुलाबाच्या पाकळ्या, एकात चमेली, एक धुरावर वाळवलेला, आणि एक... आता काय सांगू तुम्हाला... निळा. गोकर्णाच्या फुलांचा. चहाचं एक पान नाही त्यात, पण नाव चहा.

अफरीनचं म्हणणं सरळ होतं. "शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्या कळंबच्या रिसॉर्टांना जातात, अब्बा, आपल्या दारावरून जातात. त्यांना पुढं बरण्या दिसल्या पाहिजेत. परात मागं घेऊ." मागं म्हणजे कुठं? तर मागच्या खोलीत, पोत्यांपाशी. म्हणजे युनूसभाई पण मागं. परात तिथं तो!

आता बापानं काय करावं? 'नाही' म्हणावं की नाही सरळ? पण मुलगी एवढ्या हौसेनं बोलतेय, आणि याच्या तोंडातून 'नाही' निघेल तर शपथ! म्हणून यानं आपल्या मतानं मोठी युक्ती काढली. म्हणाला, "आपण कोण ठरवणारे? गिऱ्हाईकाला विचारू. बाजाराच्या दिवशी सगळ्यांना चाखायला दे. बरं म्हणाले तर पुढची फळी तुझी. नको म्हणाले तर बरण्या परत. कबूल?" अफरीन म्हणाली, कबूल.

आणि माणसं बोलावली कुणी? यानंच. पारखून बोलावली. विमलबाई, जिभेसाठी. आणि कळंबचा मालोजी, ज्याला चहा असा लागतो की त्यात चमचा उभा राहिला पाहिजे. युनूसभाईनं मनातल्या मनात बरण्या टेंपोत भरूनसुद्धा टाकल्या होत्या.

पण एक गोष्ट विसरला. अहो, आपली माणसं कशाला नावं ठेवत नाहीत? रस्त्याला ठेवतात, सरपंचाला ठेवतात, जावयाला तर साखरपुड्यापासून ठेवतात. पण दुसऱ्याच्या दारात बसून, लेकीसारख्या पोरीनं हातानं दिलेला चहा प्यायचा आणि तोंड वाकडं करायचं? हे कुणी केलंय कधी? तुम्ही केलंय? साखरेच्या जागी मीठ पडलं असलं तरी कप रिकामा करून खाली ठेवता की नाही?

झालं. बाजाराचा दिवस उजाडला. अफरीननं टेबल मांडलं, छोटे छोटे कप, प्रत्येक चहाला वेगळी किटली, आणि शेजारी एक रिकामं पातेलं. म्हणाली, "मालोजीकाका, घोटभर तोंडात घोळवायचा आणि यात थुंकायचा. चव घेणारे सगळे असंच करतात." मालोजीनं पातेल्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि म्हणाला, "थुकू? तू दिलेला च्या थुकू? पाप लागंल गं." आणि कप एका दमात खाली. विमलबाईचं आणखी निराळं. तिला विचारलं, "मावशी, घेणार ना?" तर रीतीप्रमाणं म्हणाली, "नको गं, आताच घेतला." अफरीन पडली पुण्याची सवय लागलेली, ती म्हणाली "बरं," आणि पुढं गेली! विमलबाई अशी बसली की जणू कुणी पंगतीतून उठवलं. युनूसभाईनंच धावत जाऊन आग्रह केला, हाता-पाया पडला, तेव्हा तिनं घेतला.

पहिला आला पांढरा चहा. आता तुम्हाला सांगतो, पातेलं विसळून जे पाणी निघतं ना, त्याला थोडा तरी रंग असतो. युनूसभाई मालोजीच्या कानाशी वाकला. "पांचट आहे ना?" मालोजी म्हणाला, "पांचट नाय रं. हलका हाय. उन्हाळ्याला बरा." मग हिरवा. "कडू आहे ना?" "कडू हाय, पन औषधी हाय. पोटाला चांगला." मग चमेलीचा. याला वाटलं आता तरी कुणी म्हणेल, बाबा रे, हे अत्तर कपात का ओतलंस? विमलबाई म्हणाली, "वास ग्वाड हाय." मग आला धुराचा. किटली उघडली आणि सगळ्या दुकानात, पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात ना, तसा वास, डोळे चुरचुरायला लागले, समोरचा कापडवाला बघायला आला कुठं पेटलंय. आणि मालोजी? त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "आमच्या शेताची याद आली." म्हणजे बघा! पण 'नको' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेल तर शपथ!

शेवटी निळा आला. कपात नुसती नीळ. पांढऱ्या कपड्यांना घालतो ती. अफरीननं वरून लिंबू पिळलं तर जांभळा झाला. युनूसभाईनं विमलबाईकडं असं बघितलं, असं बघितलं, जसा बुडणारा माणूस काठाकडं बघतो. आता बोल, माझ्या माऊली. विमलबाईनं कप उचलला. ही फुलं तिच्या गोठ्याच्या कुंपणावर पसरलीत, शेळी खाते. एक घोट घेतला. कपाळाला आठी पडली. युनूसभाई पुढं सरकला. तेवढ्यात विमलबाईची नजर गेली अफरीनकडं. सकाळपासून उभी, घामानं ओढणी चिकटलेली, आणि डोळे कसे, निकाल लागायच्या आधीचे. आठी गेली. "छान हाय गं," विमलबाई म्हणाली.

फळी गेली. दुसऱ्या दिवशी बरण्या पुढं आल्या, परात मागच्या खोलीत, युनूसभाई पोत्यांपाशी. आणि ती माणसं, ज्यांना सगळं छान लागलं होतं, त्यांनी बरण्या नेल्या असतील म्हणता? अहो, पुढून येतात, बरण्यांसमोर उभी राहतात, "काय सुंदर दिसतंय," म्हणतात, आणि बोळातून वळसा घालून मागच्या दाराशी. "युनूसभाई, आपली नेहमीची द्या," असं कुजबुजत, जणू गावठी दारू मागतायत. मालोजी तर पुडा सदऱ्याच्या आत घालून नेतो, पोरीला दिसू नये म्हणून. पूड होती तेवढीच खपते. फक्त ती कालवताना युनूसभाईला रस्ता दिसत नाही, येणारा-जाणारा हात वर करत नाही, आणि याचं त्याला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

राहिली मुंबईची माणसं. एका रविवारी गाडी थांबली. गॉगलवाल्या बाई उतरल्या, बरण्यांवरून नजर फिरवली. "ग्रीन टी? नको, ऑफिसमध्ये आम्ही तेच पितो. इकडं तो गावचा उकळलेला चहा मिळतो ना, तो कुठे मिळेल?" नको म्हणाल्या. किती सहज! आपल्या अख्ख्या तालुक्याला जे जमलं नाही, ते बाईंनी गाडीचं दार बंद करायच्या आत करून दाखवलं.

अफरीन मागच्या खोलीत आली. बापाच्या समोर पोत्यावर बसली. गाडीवाल्या बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. मग म्हणाली, "अब्बा, लोकांनी मन राखलं माझं. मला कळायला पाहिजे होतं." युनूसभाई परातीतला हात तसाच ठेवून बसला. ती म्हणाली, "तुम्ही मात्र खरं सांगा. तुम्हाला आवडतो का निळा? तुम्ही नाही म्हणालात, तर उद्या बरण्या आवरते. परात पुढं."

आता बघा. अल्लानं हातात आणून दिलं. एक शब्द. एवढा एक शब्द बोलला की फळी याची, रस्ता याचा, येणारे-जाणारे याचे. बोलेल ना माणूस? तोंड उघडलंसुद्धा त्यानं. पण पोरीचा चेहरा एवढासा झालेला. पुण्याची नोकरी सोडून आलेली पोर, आणि ती आधीच उठायला निघाली होती बरण्या आवरायला...

"त्या बाईला काय कळतंय?" युनूसभाई म्हणाला. "मला तर आवडतो. फार आवडतो."

पोर हसली. बरण्या राहिल्या. आणि हे तिनं घरी जाऊन आईला सांगितलं. आता रजियाभाभी नवऱ्याच्या आवडीनिवडीला किती जपतात ते तुम्हाला माहीत नाही. त्यांनी घरातला पुडीचा डबाच धुऊन पालथा घातला. "आता तुम्हाला ती कशाला हवी," म्हणाल्या. सकाळी निळा, संध्याकाळी निळा, आणि भाभींना वाटतं चहा म्हणजे दूध हवंच, म्हणून त्यात दूध! रंग कसा येतो ते विचारू नका. साऱ्या पंचक्रोशीला चहा पाजणारा माणूस, तुम्हाला सांगतो, रोज सकाळी भिंतीला टेकून तो कप दोन्ही हातांत धरतो, संपवतो, आणि मान वर करतो तर भाभी दारात उभ्या, तोंडाकडं बघत. "कसा झालाय?"

"थोडा अजून दे," युनूसभाई म्हणतो.