डोंगर हलतोय व्हय?

हुपरीच्या गाडीची वाट बघत कोल्हापूरच्या स्टँडवर बसलो होतो. मागच्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची थोरली बहीण. हळू बोलायची आपल्याकडं पद्धतच नाही, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, डोंगर जागचा हलतोय व्हय?"

"न्हाय की."

"मग इमान त्येच्यावर कसं आदळतंय?"

"अण्णासो, लेक तुझी शिकतीया न्हवं इमान चालवायला? तिला इचार."

"इचारलं की. अक्षता म्हणाली, ल्हान इमान हळूहळू वर चढतंय. दरीतनं जाताना फुडचा डोंगर त्येच्यापेक्षा भराभरा चढतोय."

"आत्ता तर डोंगर हलत न्हाय म्हणालास!"

"तिथंच डोस्कं फिरतंय बघ. त्यात ढग आला की फुडचं दिसत बी न्हाय."

"मग करायचं काय?"

"जागा हाय तवरच वळवायचं, म्हणाली. आल्या वाटंनं माघारी. जरा फुडं जाऊन बघू म्हटलं की दरी अरुंद हुती, मग वळायलाच येत न्हाय."

"सोपं हाय की. माघारी यायचं."

"सोपं कुठलं? ती निघाली तवा चौकातल्या फ्लेक्सवर काय छापलंय आपण?"

"'उचगावची वाघीण. माघार आमच्या रक्तात नाही.'"

"मीच सांगितलं छापायला."

"मग काढ की आजच."

"काढतो गं. पण तिनं त्येचा फोटो न्हेलाय. उडताना समोर लावती म्हणं."