जास्वंदीच्या पानाला टिकली

मथुराबाई : माह्या जास्वंदीले दोन दिवस कोठीत तांदळाच्या पोत्यामागं कोंडून ठेवलं, मॅडम! काय गुन्हा केलता तिनं?

साधना : तिला उपाशी ठेवायचं होतं, मथुराबाई. पान उन्हाच्या ताकदीवर हवा-पाण्यातून अन्न बनवतं आणि उरलेलं साठवतं. अंधारात तो साठा संपला की मग तिला उन्हात आणायची. मागच्या वेळी पानावरचा काळा कागद वाऱ्यानं उडाला आणि अख्खा सातवीचा वर्ग मला हसला.

मथुराबाई : तो नयन म्हणे, "मॅडम, पान सैपाक करते त त्याची चूल कुठं हाय?" खिचडी वाढता वाढता ऐकलं मी.

साधना : तुम्हीही हसलात.

मथुराबाई : हसली ना! खोटं कायले बोलू? सोळा वर्षं झाले, शाळेची खिचडी शिजवून राह्यली. सरपण नाही, धूर नाही, अन् म्हणे सैपाक!

साधना : उद्या पुन्हा फसलं तर पोरं माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवायची नाहीत. पानाचा थोडासा भाग झाकायचाय. घट्ट चिकटेल, ऊन अडवेल असं काहीतरी हवं.

मथुराबाई : टिकली चालन काय? मोठी, मखमलीची?

साधना : चालेल काय, पळेल! पण तुम्ही तर...

मथुराबाई : लावत नाही. माह्या पोरीच्या, गुंजनच्या बाबानं आर्णीच्या बाजारातून आणलं होतं पाकीट. मंग तेच गेले. तीन वर्षं झाले, पिशवीत तसंच हाय. फेकवतही नाही. घ्या, पानाले तरी शोभन.

साधना : नक्की ना?

मथुराबाई : लावा म्हणतो ना! तिकडं नाही, जरा मधात. हां. पाहा बरं, कशी नवरीवानी दिसते!

(दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेच्या सैपाकखोलीत.)

साधना : सकाळपासून ऊन दिलं, पान तोडून टिकली काढली. पान उकळलं. आता ते स्पिरिटच्या वाटीत टाकू; पण वाटी चुलीजवळ नको, भडका होईल. चूल विझवा, गरम पाण्याच्या गंजात ठेवू.

मथुराबाई : अवमाय! सारा हिरवा रंग उतरला. पान पांढरंफट्ट!

साधना : आता त्यावर आयोडीन. जिथं अन्न साठलंय तिथं काळंनिळं होईल. तुमच्या भाताच्या पेजेत टाकलं तरी होतं.

मथुराबाई : टाका, टाका! थांबा, पाहू द्या... झालं! मॅडम, काळंनिळं झालं!

साधना : झालं गं बाई, झालं! आणि मध्ये बघा.

मथुराबाई : टिकलीएवढा गोल कोराच! तेवढी जागा उपाशी राह्यली. म्हंजे चूल वरतं हाय, आभायात! बोलवा त्या नयनले, मीच दाखवतो त्याले.

साधना : बोलवू. पण तुम्ही त्या गोलाकडं काय बघत बसलात?

मथुराबाई : माह्या कपायावर असाच गोरा गोल होता, टिकली काढली तवा. मंग उन्हातान्हात फिरून भरला. आता वळखूही येत नाही.

साधना : पाकिटात किती उरल्यात?

मथुराबाई : सात.

साधना : मग लावा की एक. आवडते ना?

मथुराबाई : लय आवडते. पण लोक काय म्हणतीन?

साधना : सांगा, प्रयोग चालू आहे.

मथुराबाई : तुम्ही बी ना मॅडम, हसवून मारसान! माह्ये हात हळदीचे हायेत. तुम्हीच लावा. सरळ लागली काय?

साधना : जरा मधात. हां.

मथुराबाई : आता बोलवा पोराइले.