रश्मीने सुधारलेली गाडीची काच

बंधू-भगिनींनो, आणि माझ्या रश्मीच्या मैत्रिणींनो,

आत्ताच त्रिशरण-पंचशील झालं. घमापुरातलं आमचं छोटं घर, तुम्ही दाटीवाटीने बसलात. मुलीच्या शोकसभेत बापाने काय बोलावं, मला माहीत नाही. तिची आई, कुंदा, म्हणाली, "तुम्हीच बोला, मला नाही जमत." जमत मलाही नाही. तरी बोलून राहिलो.

माझा हा डावा हात तुम्ही पाहता. लकव्यानंतर यात जीव राहिला नाही. रश्मी गाडी चालवायची, मी शेजारी बसायचो. काच वर न्यायची तर बटन दाबून धरावं लागे. ते धरवत नसे. काच अर्ध्यात थांबायची. दर वेळी तिला म्हणायचं, बेटा, काच लाव. मला संकोच व्हायचा. संकोचाचं मी तिला कधी सांगितलं नाही, पण तिला समजलं.

एका रविवारी गाडीच्या दाराचं कव्हर काढून अंगणात बसली. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हिशोब करणारी चिप, बटन अन् मोटरच्या मध्ये जोडली. म्हणे, "बाबा, बस एकदा टच करा, छोड़ दो. काच आपोआप जाईल."

माझी सगळी नोकरी वीज खात्यात गेली. मी म्हणालो, "अच्छा, अन् वर पोचल्यावर? मोटर जळेल ना."

"काच अडली की मोटर जास्त करंट ओढते, बाबा. तो वाढला की ही चिप मोटर बंद करेल."

पण काच जराशी हलायची अन् थांबायची. मी विचारलं, काहून? म्हणाली, "सुरू होतानाही मोटर जास्त करंट ओढते. चिपला वाटते, काच अडली." मग तिने चिपला पहिला क्षणभर थांबायला शिकवलं. मध्ये कोणाचं बोट आलं तर काय, म्हणून काचेत काकडी धरून पाहिली. काकडी तुटली. कुंदा ओरडली. दुसरी धरली, तीही तुटली. मग तिने चिपला शिकवलं, मध्येच जराशी अडली तरी काच उलटी उतरव; पुढे कधीतरी काच काकडीला टेकली अन् खाली आली. मग रश्मीने स्वतःचा हात ठेवला. मी नको म्हणालो. ती हसली. काच हाताला लागली, थांबली, उतरली.

त्यानंतर तिला ताप आला. रक्ताचा कॅन्सर निघाला.

आम्ही तिला नागपूरला न्यायचो. माझा पुतण्या अनिल गाडी चालवायचा. तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे, माझ्या जागेवर. मी मागे. हवा हवी असली की ती बटनाला बोट लावायची. फक्त लावायची. दाबून धरायची ताकद तिच्यात उरली नव्हती. काच खाली जायची. मी मागून पाहायचो. माझ्यासाठी केलं होतं ना ते, पोरी.

शेवटी शेवटी ती मला विचारायची, "बाबा, काहून उतरत नाही हा ताप?" मी डॉक्टरांना विचारायचो. ते म्हणायचे, बघू, वाट पाहू. मी परत तिच्याजवळ यायचो. ती माझ्याकडे पाहायची. तिला वाटायचं, बाबा काही सांगतील. मी पाणी द्यायचो. पांघरूण नीट करायचो. दुसरं काय येत होतं मला? सांगा, दुसरं काय?

मला आणखी बोलता येत नाही. आता सगळे उभे राहू, थोडा वेळ शांत राहू. एक विनंती आहे. कुंदाजवळ कोणीतरी उभं राहा. ती पडली, तर मला धरता येणार नाही.