मामाच्या गावाले आडनाव नसते

नाई, मी म्हणतो, प्रेमात पडाच्या पयले आडनाव विचारा लागते हे कोणत्या शाळेत शिकवतेत? सांगा ना! एवढी वर्षं शाळेत घातली, बेरजा शिकवल्या, वजाबाक्या शिकवल्या, त्या बेडकाचं पोट फाडून आतलं सगळं दाखवलं... पण बाप्पा, एखादी पोरगी आवडली तर पयले तिचं आडनाव विचार, मूळ गाव विचार, अन् मंगच तिच्याकडं मान वर करून पाह्य, हे एकाही मास्तरनं सांगतलं नाई! अन् पोरगा फसला का मंग सगळे म्हणतेत, 'तुले समजत नोतं का बे?' नोतं समजत! कसं समजन?

माहा आतेभाऊ, निकेश. त्याच्याबद्दल बोलून राह्यलो मी. मी धीरज, तळेगावचा, श्यामजी पंतचं तळेगाव, ते हायवेवरचं. निकेश राह्यते वर्ध्याले, सिंदी मेघेत. त्याचे बाबा पुंडलिकराव, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, खिळ्यापासून टाकीपर्यंत सगळं भेटते. तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली अन् निकेश उन्हाळ्यात आमच्याकडं आला, म्हणजे त्याच्या मामाकडं. आता तळेगावातला मे महिना तुम्हाले माहीत आहे? कुत्रंही सावली सोडून हालत नाई. दुपारी गावात एकच आवाज, कूलरचा. घरर्र... घरर्र... अन् त्या कूलरले पाणी पाजा लागते, म्हशीपेक्षा जास्त! हे काम आमच्या घरी कोणालेच नको. मी झोपल्याचं सोंग घेतो, बाबा तर खरेच झोपलेले असतेत.

पण निकेश आला तशी माह्या मायनं, शकुबाईनं, एक चमत्कार पाह्यला. पोरगा सकाळी कूलर भरे, दुपारी भरे, चार वाजता परत भरे! ज्यानं घरी कधी सोताचं ताट नाई उचललं, तो पाइप खांद्यावर घेऊन उभा! माय म्हणे, "पाहा, पाहा, वन्संचा पोरगा किती गुणाचा!" अन् कूलर तर उतू जाऊन राह्यला, पाणी खिडकीतून घरात, घरातून ओसरीत, बाबाची चप्पल तरंगून राह्यली... तरी माय खुश! आमच्या घरचे सगळे खुश!

कारण काय, तर आमची अन् शेजारच्या पौर्णिमाकाकूची बोअर एकच. अन् पौर्णिमाकाकूकडं सुट्टीत तिच्या बहिणीची पोरगी आली होती, वरूडची. गुंजन. तीही कूलर भरे. आता एक बोअर, दोन पाइप, दोघांच्या मधात बुटकी भिंत... अजून काय सांगू तुम्हाले? पयल्या दिवशी ती म्हणे, "ओ, तुमचा कूलर फुटला काय? किती पाणी घेता?" अन् हा येडा म्हणे, "आमचा मोठा आहे." झालं! एवढ्यावर प्रेम होते का? होते! उन्हाळ्यात होते.

मंग समजलं, गुंजन पोलीस भरतीची तयारी करून राह्यली. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळे, गोळा फेके. झालं, निकेशलेही एकदम देशसेवा आठवली! मले म्हणे, "धीरज, शरीर कमवा लागते राजा." अबे, काल तर तू रिमोट आणाले मले हाका मारून राह्यला होता! पण गेला. पयल्या दिवशी अर्धी चक्कर मारली अन् गोलपोस्ट धरून उलट्या. दुसऱ्या दिवशी तिनं त्याले काम देलं, म्हणे तू पळू नको, तू मोबाइलमध्ये टाइम लाव. मंग हा टाइम लावे. अन् टाइम थांबवाले विसरे! ती पळून येऊन धापा टाकत विचारे, "किती?" अन् हा तिच्या तोंडाकडं पाह्यत उभा. "लय चांगलं," म्हणे. "अरे, लय चांगलं म्हणजे किती?" "लय!"

इकडं माहे बाबा, रूपराव, चौकात सांगत फिरे, "आमचा भाचा पहाटे उठते, मैदानावर जाते, धीरजनं काही शिकावं त्याच्यापासून." म्हणजे प्रेम त्यानं करावं अन् शिव्या मी खाव्या! पण बाबा खुश. घरचे सगळे खुश!

आता मस्करी बाजूले ठेवतो. त्या दोघाचं खरं होतं. निकेश मले सगळं सांगे. मैदानाच्या पायऱ्यावर बसून ती बोले अन् हा आयके. एक दिवस ती म्हणे, "आमच्या बाबाच्या बाजूचं आम्हाले कोणीच नाई. काका नाई, आजोबा नाई. मले भाऊ नाई. राखीले आम्ही तिघं एकमेकाच्या तोंडाकडं पाह्यतो अन् टीव्ही लावतो. बाबाले विचारलं तर म्हणतेत, माहं कोणी नाई, अन् उठून बाहेर जातेत." अन् निकेश तिले म्हणे, "असं नको म्हणू. माह्या घरचे सगळे तुहेच आहेत. माहे बाबा तं तुले डोक्यावर घेऊन नाचतीन, पाहाजो तू!"

बोलला राजा. जीभ काय बोलून जाते, माणसाले मागून समजते.

आता तुम्ही म्हणसान, आडनाव? अहो, मामाच्या गावाले आडनाव नसते! निकेश तळेगावात कोण? 'सुलोचनाचा पोरगा.' बस. गुंजन कोण? 'पौर्णिमाच्या बहिणीची पोरगी.' बस. मायच्या गावाले पोरं फक्त मायचे असतेत, बापाचं नाव तिथं कोणाले पडलं आहे? निकेशच्या मोबाइलमध्ये ती 'गुंजन तळेगाव', तिच्या मोबाइलमध्ये हा 'निकेश कूलर'!

अन् सुट्टी सराले आली तसा निकेश हिंमत करून माह्या मायजवळ बोलला. माय तर उडालीच आनंदानं! धावत पौर्णिमाकाकूकडं. "आपल्यातलेच ना ओ?" "आपल्यातलेच." एवढंच! मायले वाटलं आडनाव-बिडनाव पुरुष माणसं पाहतीन, बाबाले वाटलं बायाइनं विचारलं असन. ठरलं असं का पाहाणं-बिहाणं काही नाई, दोन्हीकडच्या मायबापाले नुस्तं चहाले बोलवू, एकमेकाले पाहू द्या. फोन गेले. सिंदी मेघेवरून पुंडलिकराव अन् सुलोचनाआत्या येतीन, वरूडवरून गुंजनचे मायबाप येतीन. निकेशनं शर्टाले तीनदा इस्त्री केली. गुंजनचं तर विचारू नका, भिंतीवरून मले विचारे, "धीरज, त्याच्या बाबाले चहात साखर किती लागते रे?"

तो दिवस आला. पौर्णिमाकाकूच्या बैठकीत आम्ही सगळे. पुंडलिकराव पेन्ट-शर्ट घालून सोफ्यावर, समोर पोह्याची प्लेट. अन् वरूडची गाडी आली. गुंजनचे बाबा, श्रावणराव, हातात खरबुजाची थैली, दारात चप्पल काढून मान वर करतेत... अन् थांबतेत. एक पाय आत, एक बाहेर. पुंडलिकराव पोह्याचा चमचा हातात घेऊन उभे राह्यले. नुस्ता कूलर, घरर्र...

अन् श्रावणराव म्हणे, "पुंड्या?"

अहो, पुंडलिकरावले पुंड्या म्हणणारं या जगात कोणी राह्यलंच नोतं! चमचा खाली पडला. अन् तो एवढा मोठा दुकानदार माणूस लेकरासारखा ओरडला, "काका!"

काका! सख्खा काका! बापाचा लहाना भाऊ! मोठी आंजी यांचं मूळ गाव, काका-पुतण्यात चार-पाच वर्षाचं अंतर, संगं वाढलेले, एका ताटात जेवलेले. अन् भांडण कायचं, सांगू? पुंडलिकरावच्या लग्नाची वरात तळेगावले निघाली, अन् जीपमध्ये काकाले जागा नाई भेटली. कोणी तरी म्हणालं, तू टेम्पोत बस. टेम्पोत! नवरदेवाचा काका! माणूस रुसला, लग्नाले आलाच नाई, आपल्या हिश्शाचं शेत-वावर विकून थेट वरूडले गेला, तिकडंच लग्न केलं, तिकडंच पोरगी झाली, अन् परत आंजीचं नाव घेतलं नाई. सासरीही सांगून ठेवलं, मले कोणी नाई. बावीस-तेवीस वर्षं! एका सीटसाठी! मी म्हणतो, त्या जीपमध्ये जरा सरकून बसले असते लोक तं काय झालं असतं?

अन् मंग जे रडणं सुरू झालं! काका पुतण्याच्या गळ्यात, पुतण्या काकाच्या. "काऊन रे गेलता सोडून?" "तू काऊन नाई आला मले घ्याले?" माहे बाबा रडून राह्यले, सुलोचनाआत्या रडून राह्यली, जिनं आपल्या चुलतसासऱ्याले जिंदगीत पयल्यांदा पाह्यलं! पौर्णिमाकाकूनं साखर वाटली. अन् एवढ्यात गुंजन चहाचा ट्रे घेऊन दारात आली. पुंडलिकरावनं तिले पाह्यलं अन् म्हणे, "हे तुही पोरगी, काका? म्हणजे माही बहीण! अरे देवा, मले बहीण आहे! मले सख्ख्या बहिणीसारखी बहीण आहे!" अन् डोक्यावरून हात फिरवला तिच्या. मंग मागं वळून, "निकेश! इकडं ये! पाया पड! आत्या लागते तुही!"

आत्या.

अहो, आत्या कशी असते? मलेही आत्या आहे ना, हीच सुलोचनाआत्या! गुडघे दुखतेत तिचे! पोट दुखलं तर ओवा देते! अशी असते आत्या! पोलीस भरतीची तयारी करत नाई आत्या! अन् आपल्याकडं तं पाहा, आत्याची पोरगी चालते, लोक खुशीनं करतेत... पण आत्या नाई चालत! एक पिढी, बस, एका पिढीनं चुकला बिचारा!

निकेश वाकला. वाकला अन् उठेच ना. गुंजन ट्रे धरून तशीच दारात. दोघाच्या डोळ्याले धारा. अन् लोक काय म्हणे? "पाहा, लेकराइलेही किती आनंद झाला!" ज्या कामासाठी चहा ठेवला होता त्याची कोणाले आठवणही नाई राह्यली. माह्या मायले राह्यली. तिनं पदर तोंडात धरला अन् आत गेली. बाकी घरचे सगळे खुश!

संध्याकाळी बोअरजवळ दोघं भेटले. मी भिंतीच्या इकडं पाइप गुंडाळून राह्यलो होतो, आयकू येत होतं. निकेश म्हणे, "चाल, पळून जाऊ."

ती म्हणे, "कुठं? जिथं जाऊ तिथं तू माहा भाचाच राहाशीन."

"मले नाई पाह्यजे असं नातं."

ती भिंतीले टेकली. मंग म्हणे, "निकेश, मी माह्या बाबाले कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं कधी पाह्यलं नोतं. आज पाह्यलं. तो खांदा तुह्या बाबाचा होता. आता तो मी काढून घेऊ?"

हा म्हणे, "मंग मी तुले म्हणू काय? आत्या?"

"आत्या नको म्हणू. गुंजनही नको म्हणू."

"मंग?"

"काहीच नको म्हणू."

अन् तुम्हाले सांगतो, तेव्हापासून आजपर्यंत त्यानं तिले कोणत्याच नावानं हाक मारली नाई. 'ओ', 'आयकलं का', 'इकडं पाहा', अशावर भागवते. लोकाइले वाटते लाजते पोरगा.

त्या साली राखीले पुंडलिकरावच्या हाताले पयल्यांदा बहिणीची राखी. गुंजन वरूडवरून आली, अन् बसस्टँडवर घ्याले कोण गेलं? निकेश! भाच्याचं काम असते ना! मंग ती पोलिसात लागली, पेढे कोणी वाटले? निकेशनं! मंग तिचं लग्न ठरलं, अमरावतीचा पोरगा, चांगला आहे, उगाच खोटं काऊन बोलू. पुंडलिकरावनं मोठ्या भावाचं सगळं काम केलं, काकाले जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूले बसवलं, वरून हार घातला! भर उन्हाळ्यातलं लग्न, मांडवात चारी कोपऱ्याले कूलर. अन् पुंडलिकराव ओरडले, "अरे, पाणी संपलं, कोण भरते?" निकेश उठला. इकडं मंगलाष्टकं सुरू, तिकडं हा पाइप धरून उभा. कूलर भरला, उतू गेला, पायाखाली चिखल झाला, तरी याचं लक्ष नाई. मी जाऊन नळ बंद केला. मले म्हणे, "टाइम किती झाला रे?"

तुम्ही म्हणसान, मंग? मंग काय! माणूस जेवते, झोपते, दुकानात बसून नट-बोल्ट विकते. आता घरच्याइले त्याच्या लग्नाची घाई. मागच्या महिन्यात पुलगावले एक पोरगी पाहाले गेलो, काजल नाव तिचं. अन् पुंडलिकराव म्हणे, आत्याच्या मानाशिवाय पोरगी पाहाची नाई, माही बहीण पाह्यजेच! आली बिचारी, ड्युटीवरून सुट्टी काढून. बसली काजलजवळ, तिचा हात हातात घेतला, स्वयंपाक विचारला, शिक्षण विचारलं, डोळ्यात कचरा गेला म्हणून दोनदा उठली. कचरा! पुलगावच्या त्या घरात फरशी अशी चकचकीत होती, का तोंड पाहा!

मंग रीतीप्रमाणं पोरा-पोरीले गच्चीवर बोलाले पाठवलं. निकेश परत येताना जिन्यात मले सांगे. ती काजल, चांगली पोरगी, समजदार, तिनं विचारलं, "खाली त्या तुमच्या आत्या ना? लय जीव दिसते त्याइचा तुमच्यावर. आल्यापासून डोळे पुसून राह्यल्या."

हा म्हणे, "हो. लय जीव आहे."

काजल म्हणे, "नशीब लागते ओ, अशी आत्या भेटाले."

निकेश म्हणे, "हो ना... नशीबच."