हैबतीच्या छातीवर बसलेली

ऐका. मधे जांभई आली तर खुशाल द्या, आजच्या गोष्टीत तिचा मान मोठा आहे.

हैबती रेणके गोंधळी. संबळ कमरेला बांधला की देवीलासुद्धा डुलकी लागू द्यायचा नाही. लग्नसराई होती. आज या गावी गोंधळ, उद्या त्या गावी. रात्रभर लोकांना जागवायचं आणि उजाडलं की शेतात कुळव धरायचा. दिवसा झोपायचं नाही! का? तर लोक म्हणतील, धडधाकट गडी भर उन्हात घोरतोय. लोकांचं काय जातंय म्हणायला!

त्या रात्री आरती झाली न् हा निघाला. साथीदार लिंबाजी म्हणाला, "दादा, दोन घास खा, इथंच पडा."

"सकाळी कुळव कोण धरणार? तुझा बाप?"

संबळ पाठीला टाकला आणि वाट धरली. कुठली? जवळची. चिंचेची पाणंद!

पाणंदेच्या तोंडाशी विहीर, तिला कठडा नाही. हैबतीनं मनाशी म्हटलं, डावीकडून जाऊ. पुढचं पाऊल टाकतो, तर समोर चिंच! अहो, चिंच विहिरीपासून केवढी तरी लांब. मधली वाट गेली कुठं? चकवा!

घाम फुटला. तेवढ्यात संबळ वाजला. पाठीवरचा? छे! पुढं, अंधारात. त्याचाच हात, त्याचाच ठेका. मग हाक आली, "हैबतीऽऽ!" ओ दिली नाही बरं का, तेवढी अक्कल शाबूत होती. पण पुढं पाऊल टाकवेना. चिंचेच्या पारावर त्यानं पाठ टेकली. घटकाभरच.

डोळे उघडले. वर चिंच. चिंचेत चांदणं. आणि छातीवर बाई! केस मोकळे, तोंडच नाही. दाबतेय, दाबतेय. हात हलेना. पाय हलेना. आईचा उदो करायला गेला, आवाज घशातच. सगळं अंग दगड!

पण बोट वाजवणाऱ्याचं होतं. त्यानं मनात ठेका धरला आणि सगळा जीव करंगळीत आणला. हलली. पुन्हा हलली. अन् बाई गायब! हैबती जो उठला तो घर येईतो पळत सुटला.

सुटला म्हणता? बसा खाली. ती घरी आली. दुसऱ्या पहाटे, त्याच्या अंथरुणात. मग तिसऱ्या. देवऋषी म्हणाला, देवी कोपलीय, संबळ सोड. सात पिढ्यांचं वाद्य! हैबतीनं ते खुंटीला टांगलं आणि हमसून हमसून रडला.

त्याची बायको सुंद्रा. तोंडाची तिखट, म्हणून मला आवडते.

"पाणंदेतली हडळ आपल्या घरात? तिला पत्ता कुणी दिला? आणि तुम्ही उताणे निजलात की येते, कुशीवर असलात की नाही. एवढी कसली नखरेल? उठा, दवाखान्यात चला."

तालुक्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोपता कधी?"

सुंद्रा म्हणाली, "झोपतात कुठं? गावाची झोप मोडतात, त्यात स्वतःचीही."

"हैबतीराव, स्वप्न पडतं तेव्हा मेंदू अंगाला कुलूप घालतो. नाहीतर स्वप्नातल्या मारामारीत सुंद्राबाईंना लाथ बसायची. कधी जाग आधी येते आणि कुलूप मागाहून निघतं. डोळे उघडे, अंग बंद, स्वप्न चालूच. म्हणून छातीवर ओझं, म्हणून बाई. पुष्कळांना होतं. त्यानं जीव जात नाही. झोप बुडवणाऱ्याला जास्त होतं, इतकंच."

"म्हणजे देवी कोपली नाही?"

"झोप कोपलीय."

"मग संबळ?"

"वाजवा की! रात्री जागलात तर दिवसा झोपा. अंधार करून, रोज पुरेसं."

हैबती हसला. मग रडला. मग पुन्हा हसला. छातीवरचं खरं ओझं तेव्हा उतरलं.

"आणि पाणंदेत हरवलेली ती मधली वाट, ती हाक, डॉक्टरबाई?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "त्या चालता चालता लागलेल्या डुलक्या. डोळे उघडे, मेंदू मिटलेला. त्यानं मात्र माणूस जातो."

परतताना दोघं पाणंदेनं आली. विहिरीच्या काठी, वाळल्या चिखलात, हैबतीच्या टायरच्या वहाणांचे ठसे. डावीकडून नाही. थेट विहिरीकडे! काठ वीतभर राहिला आणि तिथून वळलेले. सुंद्रासारखी सुंद्रा, तिनं त्याचा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही.

आता संबळ वाजतो आणि दुपारी हैबती घोरतो. सुंद्रा दारात बसते. कुणी म्हणालंच, "काय वहिनी, दादा अजून झोपलेत?" तर म्हणते, "तुमच्याच घरच्या गोंधळात जागलेत. हळू बोला, नाहीतर तुमचंच कातडं संबळावर चढवीन."

तर पोरांनो, छातीवरच्या बाईला भिऊ नका. बोट हलवा, जाते ती. भ्या त्या विहिरीला. डोळ्यांत झोप घेऊन ती पाणंद कधी, कधी म्हणजे कधीच धरू नका.

चला, उठा आता, अंथरुणं घाला. आणि कुशीवर निजा रे!