दोघांचं औषध

आई : सरक जरा. भट्टीची वाफ लागेल.

मुलगी : पुन्हा त्याच चादरी? कालच उकळल्यास ना?

आई : घरच्या आहेत म्हणून विचारतेस. गिऱ्हाइकाच्या असत्या तर बोलली असतीस?

मुलगी : डॉक्टरीणबाईंनी काल सकाळी काय सांगितलं तुला?

आई : सांगितलं ढीगभर. ट्रायको का फायको. नाव असं, की वाटावं कपड्यांची नवी पावडर आली बाजारात.

मुलगी : ट्रायकोमोनास. डोळ्यांना न दिसणारा जीव असतो तो. माणसाकडून माणसाकडे जातो, संबंधातून. धुतल्या-वाळल्या चादरीतून नाही येत.

आई : जन्मभर लोकांची घाण काढली. गेला नाही डाग, तर उकळायचा. मला तेवढंच येतं बाई.

मुलगी : हा डाग नाहीये, आई.

आई : मग थांबत का नाही? दोनदा गोळ्या झाल्या. चार दिवस बरं वाटतं, की पुन्हा खाज, जळजळ, अंगावरून जाणं. कंटाळले मी.

मुलगी : कारण बाबा गोळ्या घेत नाहीत. तू बरी होतेस आणि त्यांच्याकडून परत येतं. दोघांनी एकदमच घ्यायच्या, आणि दोघं बरे होईपर्यंत जवळ यायचं नाही.

आई : हळू बोल. पलीकडे इस्त्री चाललीय त्यांची.

मुलगी : मी सांगू का त्यांना?

आई : खबरदार! बापाशी असलं बोलतात का? मीच काल पाकीट ठेवलं पुढ्यात. म्हणाले, "मला ना खाज ना जळजळ. ज्याचं दुखणं त्यानं औषध घ्यावं."

मुलगी : पुरुषांना बहुतेकदा काही जाणवतच नाही.

आई : तेही सांगितलं. तर म्हणाले, "मग तू आणलंस कुठून?" आणि एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिले. करपली बाही. नवाकोरा सदरा होता वकिलांचा.

मुलगी : असं म्हणाले?

आई : म्हणाले. तुला काय वाटतं गं?

मुलगी : हा जीव अंगात महिनोन्महिने गप्प बसू शकतो. कधी वर्षंसुद्धा. कुणाकडून कुणाला आला, ते तपासणीत कळत नाही. डॉक्टरच म्हणाल्या.

आई : त्या म्हणाल्या. मी तुला विचारलं.

मुलगी : मी रविवारी येते. तिघं बसून बोलू नीट.

आई : बरं. ते टोक धर, पिळायचीय. अगं घट्ट! पुस्तकं चाळून चाळून हात लोण्याचे झालेत तुझे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूत रक्तस्राव होऊन आई गेली. महिन्याभरानं, त्याच लाँड्रीत, बाबा आणि मुलगी.)

बाबा : शटर अर्धं ओढ.

मुलगी : भरदुपारी? गिऱ्हाईक परत जाईल.

बाबा : जाऊ दे. ती... त्या आजारानं गेली का?

मुलगी : नाही. रक्तदाब होता तिला, गोळ्या चुकवायची. त्या आजारानं असं होत नाही. तो औषधानं पुरता बरा होतो.

बाबा : मग दुसरं विचारतो. ती तुझ्यापाशी सगळं बोलायची. कोण होता तो?

मुलगी : कोण म्हणजे?

बाबा : साळसूदपणा पुरे. कोण होता?

मुलगी : कुणी नव्हता.

बाबा : मग आभाळातून पडलं?

मुलगी : गेल्या वर्षी तुम्ही परगावी होतात. हॉटेलच्या लाँड्रीत, सहा महिने.

बाबा : त्याचा इथे काय संबंध?

मुलगी : मी काही विचारत नाहीये. एवढंच सांगतेय, की काही होत नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. त्रास एकाला होतो, दुसऱ्याला कळतही नाही.

बाबा : बापाला शिकवतेस?

मुलगी : हो.

बाबा : ...एकदाच गं. तिथली एक ओळखीची. एकदाच.

मुलगी : एकदा पुरतं, बाबा.

बाबा : पण मला काहीच झालं नाही! कणभरसुद्धा नाही. काही झालं असतं तर मी समजलो असतो. मला वाटलं, मी धडधाकट आहे, म्हणजे हे तिचंच.

मुलगी : उद्या दवाखान्यात चला. अजूनही असेल तुमच्या अंगात.

बाबा : आता कुणासाठी?

मुलगी : तुमच्यासाठी. आणि तिलाही कळवा, त्या ओळखीच्या बाईंना. त्याही कुठेतरी चादरी उकळत असतील.

बाबा : शेवटच्या रात्री तोंड फिरवून झोपलो मी. तिनं हाक मारली होती.

मुलगी : बाबा, बसा. त्या स्टुलावर बसा.

बाबा : तुला... तुला आला होता का तिचा संशय?

मुलगी : नाही.

बाबा : मग निदान तिला तसं सांगितलंस का?

मुलगी : तिनं विचारलं होतं. मी डॉक्टरांचं बोलणं ऐकवलं. (भट्टीकडे वळून) आई, मला एकदाही तसं वाटलं नाही गं. एकदाही नाही.